कलामहर्षी बाबूराव पेंटर

करवीर नगरीतील ज्या घरात ३ जून १८९० रोजी बाबूरावांचा जन्म झाला, त्या घराचे आडनाव मिस्त्री होते. आज ते फारसे कोणास आठवत नाही. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत असता या घरच्या दोघा तरुणांस लोक पेंटर म्हणू लागले आणि बोलता बोलता ते उपपदच आडनावाच्या जागी जाऊन बसले. धंद्यावरून आडनाव पडणे ही आपल्याकडे काही नवलाची गोष्ट नव्हे. मात्र पुष्कळ घराण्यांत धंदा केव्हाच सुटलेला असतो आणि आडनाव तेवढे मागे उरते. बाबूरावांच्या हातून कुंचला अखेरपर्यंत सुटला नाही. रंधा, पटाशी, ऐरण आणि करवत यांवर ज्यांच्या पिढ्या जगल्या, अशा आपल्या समाजाच्या स्मरणिकेत या पुरुषाचे चरित्र यावे, हे म्हणून सर्वथैव उचित आहे.

वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर. लाकूडकाम, लोहारकाम, मूर्तिकाम, हस्तिदंतावरील कोरीव काम असे नानाविध प्रकार त्यांच्या हातात होते. बाबूरावांनी चित्रकलेच्या कोणत्याही विद्यालयाची पायरी चढून पदवी घेतली नाही. घरातील पडवी हीच त्यांची शाळा आणि वडिलांची हत्यारे हीच त्यांची क्रमिक पुस्तके. जोडीला नात्याने बंधू असलेले आनंदराव होते. हे आनंदराव वयाने वडील, बुद्धीने तीक्ष्ण आणि यंत्रांचे विलक्षण वेडे. दोघांची जोडी रामलक्ष्मणासारखी होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तो काळ कोल्हापुरास मोठा भाग्याचा होता. गादीवर राजर्षी शाहू महाराज होते. गावात आबालाल रहिमान यांच्यासारखा चित्रकार नांदत होता. गायन, मल्लविद्या आणि नाट्य यांस दरबारचा आश्रय होता. १९१० पासून पुढील पाचसहा वर्षांत आनंदराव आणि बाबूराव यांनी रंगविलेल्या पडद्यांची कीर्ती पश्चिम हिंदुस्थानभर पसरली. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी त्यांनी केलेले काम विशेष गाजले. सपाट कापडावर महालाची खोली, बागेची दूरता आणि नदीचा वाहतेपणा उभा करणे, हे त्या कामाचे मर्म होते. आनंदराव व बाबूराव यांनी त्यात जी सिद्धी मिळविली होती, तिच्यावर त्यांचा सारा जन्म सुखाने गेला असता.

पण १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला आणि या दोघा बंधूंची झोप उडाली. चित्र हलते, चालते, हे त्यांनी पाहिले. चित्रपट दाखविण्याचा धंदा त्यांनी स्वतः करून पाहिला. परंतु दुसऱ्याची चित्रे दाखवून कारागिराचे समाधान व्हावयाचे कसे? आपले चित्र आपणच काढावयाचे, आणि त्यासाठी लागणारे यंत्रही आपणच घडवावयाचे, असा त्यांनी ध्यास घेतला. परदेशी कॅमेऱ्याची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेर होती, हे खरेच; तथापि केवळ पैशाच्या अडचणीमुळे त्यांनी हा मार्ग धरला, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. यंत्र उघडून पाहिल्यावाचून ज्याला चैन पडत नाही, अशा जातीचे ते लोक होते.

हे काम किती अवघड, याची कल्पना आपल्या कारखानदार वाचकांस तरी सहज येईल. चित्रपटाची फीत कॅमेऱ्यातून सरळ सरकत नाही, ती थांबत थांबत सरकते. फितीच्या दोन्ही कडांस छिद्रे असतात. आतील आकडा त्या छिद्रांत अडकून एका वेळी नेमकी चार छिद्रे फीत खाली ओढतो, मग ती क्षणभर निश्चल राहते, तेवढ्यात झडप उघडून प्रकाश आत येतो, झडप मिटते आणि आकडा पुन्हा फीत ओढतो. हे सर्व मूकपटांच्या काळी एका सेकंदात सोळा वेळा घडावे लागे. हाताने फिरविण्याच्या दांड्याचा एक फेरा म्हणजे आठ चित्रे; म्हणून सेकंदास दोन फेरे, न चुकता, सारख्या गतीने. आकड्यात केसाएवढी ढिलाई राहिली की पडद्यावरचे चित्र थरथरू लागते. असे यंत्र घरच्या लेथवर, कानशीने घासून, पितळेचे तुकडे जुळवून करावयाचे होते.

काम पुरे होण्यापूर्वीच १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांचे वय तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते. बंधू गेला, सहकारी गेला आणि यंत्रविद्येतील गुरूही गेला. दुसरा कोणी असता तर पडदे रंगविण्याच्या चालत्या धंद्याकडे परतला असता. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांस हाताशी घेऊन ते अर्धवट यंत्र पुढे चालविले आणि पहिले महायुद्ध संपण्याच्या सुमारास कॅमेरा सिद्ध केला. एवढी एकच गोष्ट करून ते थांबले असते, तरी त्यांचे नाव राहिले असते.

याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला भांडवल कोणी दिले, हे सांगताना पुष्कळ लेखक घाईने पुढे जातात. कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी या धाडसास द्रव्यसाहाय्य केले. पेढीवाले ज्या कामास हात लावावयास धजत नव्हते, त्यास एका कलावतीने आपली मिळकत दिली. शाहू महाराजांचे पाठबळही कंपनीस लाभले. नटीचा प्रश्न मात्र पैशाहून बिकट होता. फाळक्यांच्या ‘हरिश्चंद्रा’त तारामतीचे काम पुरुषाने केले होते. बाबूरावांनी स्त्रियांची कामे स्त्रियांनीच करावीत असा आग्रह धरला. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी पुढे झाल्या. त्यांना पुढे कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी लोक ओळखू लागले. समाजाने या स्त्रियांस त्या काळी कोणत्या दृष्टीने पाहिले असेल, हे निराळे सांगावयास नको.

‘सैरंध्री’ हा कंपनीचा पहिला चित्रपट ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात झळकला. भीमाने कीचकाचा वध केल्याचा प्रसंग बाबूरावांनी इतका हुबेहूब दाखविला, की प्रेक्षकांचा थरकाप झाला आणि अखेर तो भाग काढून टाकावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस सिनेमा केसरी ही पदवी देऊन गौरविले. लोकमान्यांच्या आयुष्याचे ते अखेरचे वर्ष होते. ज्या बंधूच्या डोक्यात हे वेड प्रथम शिरले, तो हा गौरव पाहावयास नव्हता, याची खंत बाबूरावांच्या मनास स्पर्शून गेल्यावाचून राहिली नसेल.

आता एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या माणसाची कीर्ती रंगविलेल्या पडद्यांवर उभी होती, त्यानेच चित्रपटातून रंगविलेला पडदा बाजूस सारला. कॅमेऱ्याचा डोळा नाटकाच्या प्रेक्षकासारखा भोळा नसतो, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांच्या चित्रपटांत खरे खांब, खऱ्या कमानी आणि खोली असलेले महाल उभे राहिले. आणि हे करावयास त्यांच्यापाशी सुतार, गवंडी, मूर्तिकार, रंगारी असा सारा ताफा होता. चित्रीकरणापूर्वी वेशभूषा, दागिने, पात्रांचे ठेवणीतले आविर्भाव यांची रेखाटने ते स्वतः करीत. चित्रपटांची रंगीत भित्तिपत्रके काढण्याची प्रथाही मुख्यतः त्यांनीच पाडली. कुंचला हाती असलेल्या मालकाला जाहिरातीसाठी दुसरीकडे जाण्याचे कारणच नव्हते.

१९२३ साली आलेला ‘सिंहगड’ म्हणजे या कंपनीच्या वैभवाचा कळस. हरिभाऊ आपटे यांच्या कादंबरीवर तो आधारलेला होता. तानाजी होते बाळासाहेब यादव, आणि शिवछत्रपतींची भूमिका स्वतः बाबूरावांनी केली. गडावरील रात्रीची चढाई दाखविण्यासाठी त्यांनी विजेच्या दिव्यांचा उपयोग केला. सारे चित्रीकरण सूर्यप्रकाशावर चालण्याचा तो काळ होता. चित्रगृहांपुढे लोटलेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असे चित्रपटसृष्टीत आजही सांगतात. कर १९२३ सालीच आला हे खरे. बाकीचे ज्याने त्याने ठरवावे. पुढे ‘कल्याण खजिना’ या चित्रपटाने लंडनजवळील वेम्बली येथील साम्राज्य प्रदर्शनात पदक मिळविले.

इतके यश पदरी असता १९२५ साली बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. कर्जाच्या फासात अडकलेला शेतकरी जमिनीस मुकतो आणि पोटासाठी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो, एवढाच विषय. देव नाही, राजा नाही, लढाई नाही. शेतकऱ्याचे काम तरुण शांताराम वणकुद्रे यांनी केले, सावकार झुंझारराव पवार झाले. काळोखातील झोपडी आणि तिच्यापुढे केकाटणारे कुत्रे हे त्यातील दृश्य जाणत्यांच्या मनात वर्षानुवर्षे घर करून राहिले. परंतु प्रेक्षकांनी चित्रपटाकडे पाठ फिरविली. पौराणिक चमत्कारांची सवय झालेल्या लोकांस स्वतःच्याच गावचे दुःख पैसे देऊन पाहावयाचे नव्हते. कंपनीला पुन्हा पुराण आणि इतिहास यांकडे वळावे लागले. आज मात्र हिंदी चित्रपटाच्या इतिहासात बाबूरावांचे जे स्थान आहे, ते या पडलेल्या चित्रपटाने मिळवून दिले आहे.

बाबूराव मितभाषी. शिकवीत असताना व्याख्यान देणे त्यांस ठाऊकच नव्हते; करून दाखवीत, आणि ज्याला दिसेल त्याने ते उचलावे. या पद्धतीने त्यांच्यापाशी दामले शिकले, फत्तेलाल शिकले, धायबर शिकले. ज्यांना पुढे सारा देश व्ही. शांताराम म्हणून ओळखू लागला, ते शांताराम १९२१ च्या ‘सुरेखाहरणा’त श्रीकृष्ण होऊन प्रथम पडद्यावर आले, तेही येथेच. मिस्त्रीच्या पडवीतील रीत ती हीच. पोऱ्या म्हणून यावे, हत्यारे पुसावीत, पाहत राहावे आणि एक दिवस मिस्त्री होऊन बाहेर पडावे.

तसे ते बाहेर पडलेही. बाबूरावांचे ध्यान चित्रात, हिशेबात नव्हते. मनासारखे काम होईपर्यंत ते वेळेची पर्वा करीत नसत. भागीदारांशी पटेना, आणि होतकरू शिष्यांच्या महत्त्वाकांक्षेस वाव उरेना. १ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. या घटनेविषयी आजवर दोन्ही बाजूंनी बरेच लिहिले गेले आहे. शिष्यांस कृतघ्न म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. पदरी कुटुंब आणि हाती विद्या असलेल्या तरुणांनी आणखी किती थांबावयाचे? तथापि गुरूच्या घराचे चार खांब एकाच वेळी निघाल्यावर आढे खाली येणारच. दोनएक वर्षांत महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. १९३१ साली बोलपट आला आणि मूकपटाचा बाजारच उठला. इकडे प्रभात पुण्यास जाऊन भरभराटली. दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. बाबूरावांच्या कारखान्यात यंत्राशी आणि रंगाशी झुंजत जे शिकले गेले, त्याचेच ते फळ होते.

बाबूरावांनी बोलपटही काढले. शालिनी सिनेटोनसाठी ‘उषा’, ‘प्रतिभा’ आणि नव्याने केलेला ‘सावकारी पाश’ हे १९३५ ते १९३७ या काळातील. अकरा वर्षांपूर्वी पडलेला विषय त्यांनी पुन्हा हाती घेतला, यावरून तो त्यांच्या मनातून कधीच गेला नव्हता, हे उघड आहे. पण शब्दांच्या या नव्या जगात त्यांचा जीव पहिल्यासारखा रमला नाही. ते पुष्कळसे चित्रकलेकडे व मूर्तिकलेकडे परतले. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’चे दिग्दर्शन करण्यासाठी शांतारामांनी त्यांस आपल्या राजकमल संस्थेत सन्मानाने बोलाविले. एके काळी ज्याला कंपनीत उमेदवार म्हणून घेतले, त्याच्या दारी गुरूने काम करावे, यात कमीपणा मानणारे बाबूराव नव्हते. काम कोणाच्या छपराखाली आहे, हे खरा कारागीर पाहत नाही.

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे देहावसान झाले. वय त्रेसष्ट वर्षांचे होते.

त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक सारे नाहीसे झाले. जुनी फीत अतिशय ज्वालाग्राही असे, आणि जी आगीतून वाचली ती कित्येक ठिकाणी चांदीच्या लोभाने वितळविली गेली. ‘सैरंध्री’ आज कोणास पाहता येत नाही. ‘सिंहगड’ नाही, मूक ‘सावकारी पाश’ही नाही. १९२७ चे ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांचे काही अंश तेवढे जपले गेले आहेत. पण कागदाने मात्र फितीहून अधिक इमान राखले. १९२४ च्या ‘कल्याण खजिन्या’चे भित्तिपत्रक टिकले असून, आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांत ते सर्वांत जुन्यांपैकी एक गणले जाते.