नजर वेचून रंगवलेली रानफुलं : योहान क्रिस्टोफ बायर



चित्रकलेच्या तासाला "फूल काढा" म्हटलं, की बहुतेक मुलं पाच पाकळ्या, एक देठ, दोन पानं काढून मोकळी होतात. अशा वेळी वर्गात सांगावी अशी ही एका चित्रकाराची गोष्ट.

योहान क्रिस्टोफ बायर यांचा जन्म १७३८ साली जर्मनीतील न्युरेंबर्ग येथे झाला. पुढे ते डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनला आले. तिथे 'फ्लोरा डॅनिका' या ग्रंथाचं काम चालू होतं. राज्यात उगवणाऱ्या सगळ्या रानटी वनस्पतींची चित्रं त्यात द्यायची होती. १७६१ मध्ये सुरू झालेला हा ग्रंथ १८८३ मध्ये पूर्ण झाला! वनस्पतींची आणि अळंब्यांची चित्रं रंगवता रंगवता बायर यांची नजर तयार झाली. मग ते कोपनहेगनच्या पोर्सिलेनच्या, म्हणजे चिनी मातीच्या नाजूक भांड्यांच्या कारखान्यात दाखल झाले.

१७९० मध्ये राजघराण्याकडून एक प्रचंड काम आलं. या ग्रंथातली चित्रं जेवणाच्या भांड्यांवर उतरवायची. ही भेट रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्यासाठी होती, असं सांगितलं जातं. १७९६ मध्ये ती वारली, तरी काम थांबलं नाही.

पोर्सिलेनवर रंगवणं कागदापेक्षा अवघड असतं. रंग धातूंच्या भस्मापासून बनवलेले असतात आणि भट्टीत भाजल्यावरच त्यांची खरी छटा दिसते. बायर यांनी फक्त सुंदर फुलं निवडली नाहीत. गवत, शेवाळं, नेचे, अळंब्या, सगळ्यांना राजाच्या ताटात जागा मिळाली. अनेक झाडं तर मुळांसकट! प्रत्येक भांड्याच्या मागे त्या वनस्पतीचं लॅटिन नाव लिहिलं.

हे काम १२ वर्षं चाललं. १८०२ मध्ये ते थांबलं, तेव्हा १८०२ भांडी तयार झाली होती. त्यातली बहुतेक एकट्या बायर यांनी रंगवली. पण तोवर त्यांची दृष्टी फार अधू झाली होती. १८१२ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांची भांडी आजही कोपनहेगनच्या रोझेनबोर्ग राजवाड्यात पाहायला मिळतात.

पायाखाली येणाऱ्या गवतासाठी एका माणसाने आपले डोळे झिजवले, हे मुलांना जरूर सांगा. आणि एक उपक्रम करून बघा. शाळेच्या कुंपणालगतचा आघाडा किंवा दगडीपाला मुळासकट आणायला सांगा. मुलांना खिडकीजवळ, भरपूर उजेडात बसवा. आधी दहा मिनिटं नुसतं बघू द्या, मग चित्र काढू द्या आणि मागे झाडाचं नाव लिहू द्या. रंग चुकला तरी चालेल, पण पानाच्या कडा मात्र मुलांनी नीट बघितलेल्या असाव्यात.