खाऱ्या पाण्याला पुरून उरलेले घड्याळ

खारदांड्याच्या कोळीवाड्यात समुद्राची वेळ भरती-ओहोटीवरून कळते. खारे पाणी आणि घड्याळ यांचे वैर मात्र जुनेच. ते मिटवण्याचा ध्यास घेतलेला उद्योजक म्हणजे हान्स विल्सडॉर्फ.

22 मार्च 1881 रोजी बव्हेरियातील कुल्मबाख येथे त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षीच ते पोरके झाले. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळांच्या व्यापारात उमेदवारी करून त्यांनी 1905 मध्ये लंडनला आल्फ्रेड डेव्हिस यांच्यासह पेढी काढली. मनगटी घड्याळ हा तेव्हा स्त्रियांचा दागिना समजला जाई; पुरुषांची मिरास खिशातल्या घड्याळावर. एवढे लहान यंत्र अचूक चालेल, यावर जाणकारांचाही विश्वास नव्हता. विल्सडॉर्फ यांनी 1908 मध्ये 'रोलेक्स' हे नाव नोंदवले आणि 1914 मध्ये त्यांच्या इवल्याशा मनगटी घड्याळाने क्यू वेधशाळेचे 'अ' श्रेणीचे प्रमाणपत्र मिळवले. युद्धकाळातील जबर आयात करामुळे पुढे त्यांनी जिनिव्हा गाठले.

1926 मध्ये जलरोधक 'ऑयस्टर' अवतरले. पुढच्याच वर्षी मर्सिडीझ ग्लिट्झ हे घड्याळ गळ्यात बांधून इंग्लिश खाडीत उतरल्या. गारठ्यामुळे त्यांना पोहणे अर्धवट सोडावे लागले. पण दहा तासांहून अधिक काळ पाण्यात राहूनही घड्याळ चालूच होते. विल्सडॉर्फ यांनी वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात झळकवली.

1953 मध्ये तयार झालेल्या 'सबमरिनर'चा व्यास सुमारे 38 मिलिमीटर आणि क्षमता 100 मीटर खोलीची. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणूनच खोली वाढली की काच आणि कवच जाड होते. 23 जानेवारी 1960 रोजी 'त्रिएस्त' या पाणबुडीच्या बाहेर बांधलेले घड्याळ 10,916 मीटर तळाशी जाऊन सुखरूप परतले. पण त्याची घुमटाकार काच मनगटासाठी नव्हतीच. त्यानंतर काही महिन्यांनी, 6 जुलैला विल्सडॉर्फ निवर्तले. मूलबाळ नसल्याने कंपनी त्यांनी आधीच विश्वस्त संस्थेच्या हवाली केली होती.

2008 मधील 'डीपसी' 44 मिलिमीटरचे आणि 3,900 मीटरसाठी, तर 2022 मधील टायटॅनियमचे 'डीपसी चॅलेंज' 50 मिलिमीटरचे आणि 11,000 मीटरसाठी घडवले गेले. सदऱ्याच्या बाहीखाली सहज मावते ते पहिले. शेवटचे बाहीत अडते आणि बारीक मनगटाच्या दोन्ही कडांबाहेर डोकावते. हौशी पाणबुडा क्वचितच 40 मीटरखाली जातो. घड्याळ लहान करण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाचा वारसा असा अवाढव्य व्हावा, हा काळाचाच महिमा!