पाण्याच्या रेषा ओळखणारा मेजर

अमेरिकेतील गवताळ प्रेअरीचा शंभर वर्षांपूर्वीचा सरकारी नकाशा कधी पाहण्यात आला, तर त्यावर तीन रंग दिसतील. तपकिरी रेषा चढउताराच्या, निळ्या नदी-ओढ्यांच्या आणि काळ्या रेषा माणसाने वसवलेल्या गावांच्या, रस्त्यांच्या. यातील निळ्या रेषांचे मोल ज्यांनी ओळखले, ते मेजर जॉन वेस्ली पॉवेल.

पॉवेल यांचा जन्म १८३४ चा, न्यूयॉर्क राज्यातला. बालपण गेले ते मात्र मध्य-पश्चिमेकडील शेतांवर. तरुणपणी त्यांनी एकट्याने होडीतून मिसिसिपी नदीचा प्रवास केला. १८६२ साली यादवी युद्धात शायलोच्या लढाईत त्यांना उजवा हात गमवावा लागला. तरीही १८६९ मध्ये चार होड्या आणि नऊ सोबती घेऊन ते कोलोरॅडो नदीच्या अज्ञात दऱ्यांत शिरले. दहा जण निघाले होते, शेवटापर्यंत पोचले सहा.

कोरड्या मुलखात जमिनीची किंमत पाण्यावरून ठरते, हे त्यांनी जाणले. १८७८ च्या अहवालात त्यांनी दाखवून दिले, की शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला पाऊस साधारण वीस इंचांहून कमी. तेथे सरकारी नियमाने १६० एकरांचा चौकोनी तुकडा देऊन काय उपयोग? पाण्याखाली ८० एकर पुरे होतील. पण नुसत्या कुरणावर जगायचे, तर २,५६० एकर हवेत.

१८८१ मध्ये ते भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले आणि साऱ्या देशाच्या नकाशाचे काम त्यांनी हाती घेतले. पश्चिमेचे भाग पाडायचे ते पट्टीने आखलेल्या सीमांनी नव्हे, तर पाणलोटांनुसार, असा त्यांचा आग्रह होता. तसा रंगीत नकाशाही त्यांनी तयार करवून घेतला.

पण नांगर फिरला की मागोमाग पाऊस येतो, असे सांगून जमिनी विकण्याचे ते दिवस होते. १८९० मध्ये त्यांच्या सिंचन सर्वेक्षणाचा पैसाच बंद झाला. १८९३ साली लॉस एंजेलिसच्या परिषदेत, एवढ्या जमिनीला पुरेल इतके पाणीच नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. सभेने त्यांची हुर्यो उडवली. पुढच्याच वर्षी त्यांनी पद सोडले; १९०२ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९३० च्या दशकात दुष्काळ पडला आणि नांगरलेल्या माळांची माती वाऱ्यावर उडाली. हजारो कुटुंबांना घरदार सोडावे लागले. पाण्याचा हिशेब आधी मांडा, हे मेजरसाहेबांचे सांगणे तेव्हा ऐकले असते, तर यातली किती घरे वाचली असती!