अक्षरांचा राजमुद्रक : जाम्बातिस्ता बोदोनी

फॅशन मासिकांची शीर्षके किंवा उंची अत्तरांच्या वेष्टनावरील नावे पाहताना एक विशिष्ट वळणाचे रोमन अक्षर वारंवार नजरेस पडते. ठसठशीत उभी रेघ, तिला लागून केसाइतकी नाजूक रेघ आणि टोकांना सरळ, सपाट, बारीक पट्ट्या. या घराण्याची अक्षरे घडविणाऱ्यांत इटलीचे जाम्बातिस्ता बोदोनी अग्रणी होते.

पिडमाँटमधील सालुत्सो येथे १७४० साली त्यांचा जन्म झाला. आजोबा आणि वडील दोघेही मुद्रक. अठराव्या वर्षी बोदोनी रोमला गेले आणि धर्मप्रसारासाठी चालविल्या जाणाऱ्या चर्चच्या छापखान्यात रुजू झाले. तेथे पौर्वात्य लिप्यांचे जुने पोलादी ठसे अस्ताव्यस्त पडून होते. ते स्वच्छ करून त्यांची वर्गवारी लावता लावता हा तरुण स्वतः ठसे कोरायला शिकला. (पोर्तुगीज भाषेत लिहिलेले मराठीचे व्याकरण पुढे १७७८ मध्ये याच छापखान्यातून बाहेर पडले, तोवर बोदोनींनी रोम सोडले होते.)

१७६६ मध्ये ते इंग्लंडला जायला निघाले. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलच्या छपाईची त्यांना ओढ होती. वाटेत आजारपणाने गाठले आणि सालुत्सोतच थांबावे लागले. इंग्लंड राहिले ते राहिलेच; पण १७६८ मध्ये पार्माचे ड्यूक फर्डिनांड यांच्याकडून सरकारी छापखाना उभारण्याचे निमंत्रण आले. पुढची पंचेचाळीस वर्षे त्यांनी पार्मा सोडले नाही.

प्रारंभी पॅरिसच्या फूर्निएचे खिळे वापरले, त्यांच्या नकलाही केल्या. हळूहळू नक्षी गळत गेली. रुंद समास, ओळींमधील मोकळी जागा, काळीभोर शाई, गुळगुळीत कागद. असा कागद नसता तर त्या केसासारख्या रेघा उमटल्याच नसत्या. रोमला येण्याचे आमंत्रण आल्यावर त्यांना अडविण्यासाठी १७९१ मध्ये ड्यूकने स्वतंत्र छापखाना काढण्याची परवानगी दिली. त्याच वर्षी मार्गारिता दाल्लाल्यो यांच्याशी त्यांचा विवाह झाला. होरेस, व्हर्जिल, होमर यांच्या आवृत्त्या निघाल्या. नेपोलियनने वर्षासन दिले.

टीकाही झाली, आणि ती निराधार नव्हती. पॅरिसच्या दिदो घराण्याने त्यांच्या ग्रंथांतील मुद्रणदोषांवर बोट ठेवले. पुढे विल्यम मॉरिससारख्यांना हे अक्षर निष्प्राण वाटले. बोदोनींचे ग्रंथ वाचण्यापेक्षा पाहण्यासाठीच अधिक होते, हे मान्य करावे लागते. लहान आकारात, घाईने वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ते खरोखरच शिणवतात. मोठ्या शीर्षकात मात्र त्यांना तोड नाही.

आयुष्यभर कोरलेल्या अक्षरांचा संपूर्ण नमुनाग्रंथ काढण्याची त्यांची इच्छा होती. ती पुरी होण्याआधीच नोव्हेंबर १८१३ मध्ये त्यांचे निधन झाले. छापखान्याचे प्रमुख लुइजी ओर्सी यांच्या साहाय्याने मार्गारिताबाईंनी ते काम तडीस नेले. १८१८ मध्ये ‘मान्युआले तिपोग्राफिको’चे दोन खंड प्रसिद्ध झाले. प्रती तीनशेहूनही कमी.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत मॉरिस फुलर बेंटन यांनी या अक्षराला नवे रूप दिले आणि ते वृत्तपत्रांच्या मथळ्यांपर्यंत पोहोचले. बोदोनींच्या हातचे हजारो पोलादी ठसे पार्माच्या बोदोनी संग्रहालयात जतन केलेले आहेत.