पत्रातून आलेला ससा

मी कॉलेजात येईपर्यंत आमच्या घरात पुस्तके होती ती फक्त शाळेची. वर्ष संपले की ती खालच्या वर्गातल्या कुणाला तरी दिली जात, आणि उरलेल्या वह्या रद्दीत जात. चित्रांचे, नुसत्या गोष्टीचे पुस्तक कुणी विकत आणल्याचे मला आठवत नाही. म्हणून गेल्या वर्षी आमच्या ग्रंथालयातल्या इंग्रजीच्या कपाटात, दोन जाडजूड ग्रंथांच्या मध्ये दडून बसलेले तळहाताएवढे पुस्तक हाती लागले, तेव्हा मला हसू आले. वर निळे जाकीट घातलेला ससा! बी. ए.च्या विद्यार्थिनीने हे न्यायचे म्हणजे लाजच. मी ते वहीत लपवून वसतिगृहावर आणले. आणि काय सांगू, पदवीच्या पुस्तकांतले इंग्रजी तीन-तीनदा वाचूनही न कळणारी मी, ते पुस्तक एका बैठकीत वाचून उठले.

गोष्ट एवढीच : पीटर नावाचा ससा आईने बजावूनही शेजारच्या मळ्यात शिरतो. मळ्याचा मालक मागे लागतो. जीव वाचवताना सशाचे बूट जातात, जाकीट जाते, वाट हरवते. एक म्हातारी उंदरीण भेटते, पण तिच्या तोंडात वाटाण्याचा मोठा दाणा असल्याने तिला बोलता येत नाही. मग पीटर रडू लागतो. शेवटी तो घरी पोचतो, आणि आई त्याला काढा पाजून निजवते.

ही गोष्ट लिहिणाऱ्या आणि चित्रे काढणाऱ्या बाईंचे नाव बीट्रिक्स पॉटर. पुढे वर्षभर जे मिळेल ते मी त्यांच्याविषयी वाचत गेले. आता त्या इतक्या जवळच्या झाल्या आहेत, की ‘ती’ म्हटल्यावाचून मला लिहिता येणार नाही.

बीट्रिक्सचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडनमध्ये झाला. वडील रूपर्ट पॉटर बॅरिस्टर होते, पण वकिली करण्याची त्यांना गरज नव्हती. आजोबांचा सुती कापडावर छपाई करण्याचा मोठा कारखाना होता, आणि आई हेलन हिचे माहेरही कापसाच्या व्यापारावर श्रीमंत झालेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांसाठी आमच्या वऱ्हाड-खानदेशचा कापूस बोटी भरभरून गेला, हे आपण इतिहासात शिकतो. माझी माय आजही कापूस वेचायला जाते. बीट्रिक्सच्या घरच्या श्रीमंतीचे मूळ कापसात आहे हे वाचले, तेव्हा तो दूरचा देश मला एकदम ओळखीचा वाटला.

या श्रीमंत घरातली मुलगी शाळेत मात्र कधीच गेली नाही. शिकवायला बाई घरी येत. धाकटा भाऊ बर्ट्रम पुढे शाळेसाठी बाहेर गेला, ही घरातच राहिली. तिला सोबत होती प्राण्यांची. दोघा भावंडांनी ससे, उंदीर, बेडूक, साळू, वटवाघळे असे काय काय पाळले होते. ती त्यांच्याकडे तासन्‌तास पाहत बसे आणि चित्रे काढी. तिच्या सशाच्या अंगात जाकीट असले, तरी त्या जाकिटाच्या आतला ससा अगदी खरा आहे. त्याचे कान, त्याचे पाय, त्याची दचकून बसण्याची तऱ्हा सारे खरे. पंधराव्या वर्षाच्या सुमारास तिने रोजनिशी लिहायला घेतली, तीही स्वतः बनवलेल्या सांकेतिक लिपीत! ती लिपी उलगडायला १९५८ साल उजाडले. तेव्हा तिला जाऊन पंधरा वर्षे झाली होती. आपल्याच घरात आपले मन कुलपात ठेवावे लागणे म्हणजे काय, हे आमच्यासारख्या मुलींना समजावून सांगायला नको.

तरुणपणी तिला अळंब्यांचा नाद लागला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिने अळंब्यांची शेकडो रंगीत चित्रे काढली आणि त्यांची बीजे कशी रुजतात यावर निबंध लिहिला. १ एप्रिल १८९७ रोजी तो लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे आला. पण त्या सभेत स्त्रियांना प्रवेश नव्हता. म्हणून निबंध मांडला जॉर्ज मॅसी या गृहस्थांनी. पुढे तिने तो परत घेतला. तिला दिलेल्या वागणुकीबद्दल त्या संस्थेने खेद व्यक्त केला तो १९९७ साली, बरोबर शंभर वर्षांनी.

यापूर्वी चार वर्षे एक छोटीशी गोष्ट घडली होती. बीट्रिक्सला शिकवायला आलेली शेवटची बाई ॲनी कार्टर तिच्याहून जेमतेम तीन वर्षांनी मोठी. शिक्षिका कसली, मैत्रीणच ती! लग्न होऊन ती ॲनी मूर झाली आणि तिला मुले झाली. तिचा थोरला नोएल आजारी पडला. तेव्हा स्कॉटलंडमधल्या डंकेल्ड गावी असलेल्या बीट्रिक्सने ४ सप्टेंबर १८९३ रोजी त्या पाच वर्षांच्या मुलाला पत्र लिहिले. लिहायला काही विशेष नव्हते, म्हणून चार सशांची गोष्ट लिहिली आणि मध्ये मध्ये चित्रे काढली. हाच तो पीटर ससा.

पुढे ॲनीच्याच सूचनेवरून तिने ती पत्रे परत मागितली. मुलांनी ती जपून ठेवली होती! पुस्तक तयार झाले, पण एकामागून एक प्रकाशकांनी ते नाकारले. तिचा आग्रह होता की पुस्तक लहान मुलाच्या हातात मावेल एवढेच असावे आणि स्वस्त असावे. अखेर डिसेंबर १९०१ मध्ये तिने पदरच्या पैशाने २५० प्रती छापल्या. मग फ्रेडरिक वॉर्न आणि कंपनी तयार झाली, आणि ऑक्टोबर १९०२ मध्ये रंगीत आवृत्तीच्या ८,००० प्रती निघाल्या. त्यानंतर खार आली, कपडे धुणारी साळू आली, भोळी बदकीण आली. आजारी शिंप्याचे अपुरे काम रात्रीतून शिवून देणारे उंदीरही आले.

कंपनीतल्या नॉर्मन वॉर्नशी पुस्तकांच्या कामानिमित्त तिचा पत्रव्यवहार वाढला. जुलै १९०५ मध्ये त्याने तिला मागणी घातली. ती एकोणचाळीस वर्षांची होत होती. आईवडिलांनी विरोध केला. कारण काय, तर मुलगा धंदेवाल्या घरातला! ज्यांचे स्वतःचे घर कापसाच्या धंद्यावर उभे, त्यांनी हे म्हणावे! तिने होकार दिला, पण महिनाभरातच, २५ ऑगस्टला, नॉर्मन रक्ताच्या कर्करोगाने वारला.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. दिवाळीनंतर आमच्याही घरात माझ्या लग्नाचा विषय निघाला होता. स्थळ वाईट नव्हते, आणि बाबांचेही मला वाईट वाटत नाही. माझ्या मागे दोन भावंडे आहेत. पण मला कुणी विचारले नव्हते. चाळिशीला आलेल्या, देशभर पुस्तके खपणाऱ्या बाईलाही विचारत नव्हते, तर माझी काय कथा?

पण बीट्रिक्सने काय केले ते पाहावे. त्याच वर्षी तिने इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात, नियर सॉरे या खेड्यात, ‘हिल टॉप’ नावाचे शेत घेतले. त्यात मावशीकडून आलेली थोडी रक्कम होती, आणि बाकी त्या इवल्याशा पुस्तकांची कमाई. सशाने आणि उंदरांनी तिला जमीन घेऊन दिली! आईवडिलांकडून सवड मिळेल तशी ती तिकडे जाई. पुढे जमिनीच्या व्यवहारांत मदत करणारे वकील विल्यम हीलिस यांच्याशी तिची ओळख झाली. आईवडिलांनी पुन्हा नाक मुरडले. पण या वेळी तिच्या पायांखाली तिची स्वतःची जमीन होती. १५ ऑक्टोबर १९१३ रोजी, सत्तेचाळीसाव्या वर्षी, तिने लग्न केले.

त्यानंतरची तीस वर्षे ती शेतकरीण होती. हर्डविक जातीच्या मेंढ्यांची तिला उत्तम पारख होती. डोंगराळ भागातल्या लहान शेतकऱ्यांची शेते बंगलेवाल्यांच्या घशात जाऊ नयेत म्हणून ती जमिनी घेत गेली. २२ डिसेंबर १९४३ रोजी ती वारली, तेव्हा ४,००० एकरांहून अधिक जमीन आणि त्यावरची शेते तिने नॅशनल ट्रस्टला ठेवली. मेंढपाळी तिथे चालू राहावी, हाच हेतू.

गेल्या पावसाळ्यात माझा सहा वर्षांचा भाऊ काविळीने अंथरुणाला खिळला होता. सुटीत घरी गेले तेव्हा त्याला मी ही सशाची गोष्ट आपल्या बोलीत सांगितली. मला वाटले, तो जाकिटाविषयी विचारील. त्याने विचारले ते उंदरिणीविषयी. तिने वाट का नाही सांगितली? मी म्हटले, तिच्या तोंडात दाणा होता ना. त्यावर तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, दाणा खाली ठेवायचा होता तिने.

मी निरुत्तर झाले. खरेच, आपण मोठी माणसे आपापला दाणा धरून असतो, आणि वाट विचारणारे पोर समोर रडत उभे असते. उंदरिणीला तरी काय म्हणावे. तिलाही घरी पोरे असतात. पण आजारी मुलाला चार पाने लिहायला बसलेल्या बीट्रिक्सने तेवढ्यापुरता आपला दाणा खाली ठेवला होता. तिने मुलाला भिऊ नको असे सांगितले नाही. ससाही भितो, रडतो आणि तरीही घरी पोचतो, एवढेच दाखवले.

परत आल्यावर मी भावाला पत्र लिहिले. फोनवर तो दोन वाक्ये बोलून पळतो. पत्रात आमच्या शेळीची गोष्ट होती, आणि चित्रे यथातथाच. मायने शेजारच्या मुलाकडून ते वाचून घेतले आणि कणगीमागच्या पेटीत ठेवले. दुसरे पत्र मी बाबांना लिहिले, चित्रांवाचून. तिसरे वर्ष पुरे करू द्यावे, एवढेच त्यात मागितले. त्यांचे उत्तर आठ दिवसांनी फोनवर आले : पुढच्या वर्षीची फी कधी भरायची, ते त्यांनी विचारले.

— द्वितीय वर्ष, कला