जेम्स प्रेस्कॉट जूल

जेम्स प्रेस्कॉट जूल (२४ डिसेंबर, इ.स. १८१८, सॉल्फर्ड, लँकेशायर, इंग्लंड - ११ ऑक्टोबर, इ.स. १८८९, सेल, चेशायर, इंग्लंड) हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ होते. घर्षणामुळे नाहीशी झाल्यासारखी वाटणारी यांत्रिक ऊर्जा ठरावीक प्रमाणात उष्णतेच्या रूपाने मिळते, हे त्यांनी अचूक मापनांनी दाखवून दिले. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आणि ऊष्मागतिकीचा पहिला नियम यांना त्यांच्या प्रयोगांचा भक्कम आधार मिळाला. ऊर्जेच्या आंतरराष्ट्रीय एककाला त्यांच्या सन्मानार्थ जूल हे नाव देण्यात आले आहे.

जीवन आणि शिक्षण

जूल यांचे वडील बेंजामिन हे बीअर बनविणाऱ्या कारखान्याचे धनिक मालक होते. बालपणी प्रकृती नाजूक असल्यामुळे जेम्स यांचे शिक्षण घरीच झाले. इ.स. १८३४पासून त्यांना व त्यांच्या थोरल्या भावाला मँचेस्टर येथे अणुसिद्धान्ताचे प्रवर्तक जॉन डाल्टन यांच्याकडे गणित व विज्ञान शिकण्याची संधी मिळाली. इ.स. १८३७मध्ये डाल्टन यांना पक्षाघाताचा झटका आल्याने हे अध्यापन थांबले.

जूल यांनी कोणत्याही विद्यापीठात अध्यापन केले नाही. कौटुंबिक व्यवसायाकडे लक्ष देत त्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळेत संशोधन केले. इ.स. १८४७मध्ये त्यांचा विवाह अमेलिया ग्राइम्स यांच्याशी झाला. इ.स. १८५४मध्ये अमेलिया यांचे निधन झाले.

विद्युतप्रवाह आणि उष्णता

जूल यांचे सुरुवातीचे संशोधन विद्युतचुंबकीय यंत्रांविषयी होते. वाफेच्या यंत्रापेक्षा विद्युतयंत्र स्वस्त पडेल काय, या व्यावहारिक प्रश्नातून ते मापनाकडे वळले. तारेतून विद्युतप्रवाह वाहताना ठरावीक काळात निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाचा वर्ग आणि तारेचा रोध यांच्या गुणाकाराच्या समप्रमाणात असते, असा नियम त्यांना आढळला. इ.स. १८४०च्या डिसेंबरमध्ये त्यांनी यावरील निबंध रॉयल सोसायटीकडे पाठविला. परंतु सोसायटीने त्याचा केवळ सारांश छापला. हा नियम आज जूलचा नियम म्हणून ओळखला जातो.

उष्णतेचा यांत्रिक तुल्यांक

त्या काळी उष्णता हा एक वजनरहित, अविनाशी द्रव असून तो एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत वाहतो, असे मत रूढ होते. इ.स. १७९८मध्ये काउंट रम्फर्ड यांनी म्युनिक येथे तोफांना भोके पाडताना सतत निर्माण होणाऱ्या उष्णतेकडे लक्ष वेधून या मताला आव्हान दिले होते. तथापि किती कार्य केल्यास किती उष्णता मिळते, हा प्रश्न अनुत्तरितच होता.

इ.स. १८४३मध्ये कॉर्क येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात जूल यांनी आपले पहिले उत्तर मांडले. एक पौंड पाण्याचे तापमान एक अंश फॅरेनहाइटने वाढविण्यासाठी ८३८ फूट-पौंड कार्य लागते, असा त्याचा आशय होता. श्रोत्यांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. हवेच्या संपीडनाने निर्माण होणाऱ्या उष्णतेवरील त्यांचा इ.स. १८४४चा निबंध रॉयल सोसायटीने नाकारला. पुढील वर्षी तो अन्यत्र प्रसिद्ध झाला.

इ.स. १८४५पासून जूल यांनी पाणी घुसळण्याचा सुप्रसिद्ध प्रयोग हाती घेतला. धबधब्याच्या तळाशी पाणी किंचित उष्ण असले पाहिजे, असेही अनुमान त्यांनी मांडले. १६० फूट उंचीच्या नायगारा धबधब्यासाठी ही वाढ एक अंश फॅरेनहाइटच्या सुमारे एक पंचमांश येते. इ.स. १८४७मध्ये ऑक्सफर्डच्या अधिवेशनात त्यांना आपले म्हणणे थोडक्यात मांडण्यास सांगण्यात आले. मात्र श्रोत्यांत असलेले तरुण विल्यम थॉमसन (पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन) यांच्या मनावर त्याचा खोल परिणाम झाला. त्याच वर्षी आल्प्स पर्वतात दोघांची पुन्हा भेट झाली आणि त्यांनी एका धबधब्याचे तापमान मोजण्याचा प्रयत्न केला. परंतु पाण्याच्या तुषारांमुळे तो साधला नाही.

पाणी घुसळण्याचा प्रयोग

या प्रयोगाचे सर्वांत परिपूर्ण वर्णन इ.स. १८५०मध्ये प्रसिद्ध झाले. तांब्याच्या बंद भांड्यात पाणी भरून त्यात पितळी पात्यांचे चक्र बसविले होते. पाण्याने चक्रासोबत गोल फिरू नये म्हणून भांड्याच्या आत स्थिर पट्ट्या होत्या. प्रत्येकी सुमारे २९ पौंडांची शिशाची दोन वजने दोऱ्यांना बांधून सुमारे ६३ इंच खाली येऊ दिली जात आणि त्यांमुळे चक्र फिरे. ही क्रिया वीस वेळा केल्यावर पाण्याचे तापमान जेमतेम अर्धा अंश फॅरेनहाइट चढे. त्यामुळे जूल यांनी एका अंशाचा दोनशेवा भाग वाचता येईल, असे तापमापक वापरले.

प्रयोगाचे महत्त्व ऊर्जेच्या काटेकोर हिशोबात आहे. वजनांच्या स्थितिज ऊर्जेतून जूल यांनी दोन भाग वजा केले : वजने जमिनीवर टेकताना त्यांच्यात उरलेली गतिज ऊर्जा आणि कप्प्यांच्या घर्षणात खर्ची पडलेले कार्य. याउलट, ताणलेली दोरी वजने टेकल्यानंतर आखडताना चक्राला थोडे कार्य पुरवते. म्हणून त्याचे सुमारे १७ फूट-पौंड त्यांनी मिळविले. अशा रीतीने पाण्याला मिळालेले कार्य सुमारे ६,०६७ फूट-पौंड ठरले. भांड्याची उष्णताधारकता धरून निर्माण झालेली उष्णता ७.८४२ पौंड पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्याइतकी होती. या दोहोंचा भागाकार सुमारे ७७३.६ येतो. वजने हवेत तोलल्याबद्दलची दुरुस्ती केल्यावर ७७२.६९ हा आकडा मिळाला. पाऱ्यातील व ओतीव लोखंडाच्या घर्षणाचे प्रयोगही ७७४ ते ७७५च्या दरम्यान उत्तर देत होते. पदार्थ बदलला तरी आकडा जवळपास तोच राहतो, हा त्यांतील निर्णायक मुद्दा होता. जूल यांनी अंतिमतः ७७२ हे मूल्य स्वीकारले. आजच्या एककांत ते एका कॅलरीस सुमारे ४.१५ जूल इतके होते. आधुनिक मूल्य ४.१८च्या आसपास आहे.

घर्षण म्हणजे यांत्रिक ऊर्जेचे उष्णतेत होणारे रूपांतर होय, असे तिसरे अनुमानही मूळ निबंधात होते. परीक्षक समितीच्या इच्छेनुसार ते छापील निबंधातून वगळण्यात आले.

स्प्रिंग आणि घर्षणाच्या उदाहरणांतील उपयोग

शालेय व महाविद्यालयीन भौतिकशास्त्रात हाच हिशोब स्प्रिंगच्या उदाहरणांत केला जातो. समजा, २०० न्यूटन प्रतिमीटर स्थिरांकाची स्प्रिंग ०.१ मीटर दाबून तिच्यापुढे ०.५ किलोग्रॅमचा ठोकळा ठेवला आहे. ठोकळा स्प्रिंगला जोडलेला नाही आणि आडव्या पृष्ठभागाचा गतिक घर्षणांक सर्वत्र ०.२ आहे.

स्प्रिंगची स्थितिज ऊर्जा म्हणजे स्थिरांक आणि दाबलेल्या अंतराचा वर्ग यांच्या गुणाकाराचा निम्मा भाग. ती १ जूल येते. गुरुत्वीय त्वरण ९.८ मीटर प्रतिसेकंद वर्ग धरल्यास घर्षणबल ०.९८ न्यूटन होते. स्प्रिंग मूळ लांबीवर येईपर्यंत घर्षणात ०.०९८ जूल खर्च होतात आणि उरलेले ०.९०२ जूल गतिज ऊर्जेच्या रूपात असतात. म्हणून त्या क्षणी ठोकळ्याचा वेग सुमारे १.९ मीटर प्रतिसेकंद असतो. ठोकळा सोडल्यापासून एकूण सुमारे १.०२ मीटर अंतर कापून थांबतो. प्रत्येक क्षणीचे त्वरण न काढता ही उत्तरे मिळतात.

ठोकळा थांबल्यावर तो १ जूल नष्ट झालेला नसतो. ठोकळा व पृष्ठभाग तेवढेच तापलेले असतात. एवढ्या उष्णतेने एक ग्रॅम पाण्याचे तापमान केवळ ०.२४ अंश सेल्सियसने वाढते. ही वाढ हाताला जाणवत नाही. म्हणूनच घर्षणात ऊर्जा नाहीशी होते, असा समज दीर्घकाळ टिकून राहिला.

उत्तरकाळ

इ.स. १८५२पासून जूल व थॉमसन यांनी मिळून वायूंच्या प्रसरणाचा अभ्यास केला. सच्छिद्र अडथळ्यातून वायू प्रसरण पावताना त्याचे तापमान बदलते, हा जूल-थॉमसन परिणाम पुढे वायूंच्या द्रवीकरणात उपयोगी ठरला. ताणल्यावर धातू किंचित थंड होतात व रबर उष्ण होते, हेही जूल यांनी मोजून दाखविले. इ.स. १८७८मध्ये पाण्याच्या घर्षणाचा प्रयोग नव्याने करून त्यांनी ७७२.५५ हे मूल्य जाहीर केले.

श्रेयाचा वाद

जर्मन वैद्य युलिउस रोबेर्ट मायर यांनी इ.स. १८४२मध्येच उष्णता व कार्य यांच्या तुल्यतेची कल्पना मांडून तिचे मूल्य काढले होते. त्यामुळे अग्रक्रमाविषयी दीर्घकाळ वाद झाला. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी इ.स. १८४७मध्ये या तत्त्वाला व्यापक गणिती रूप दिले. या शोधात मायर, जूल व हेल्महोल्ट्झ या तिघांचाही वाटा मानला जातो; त्यात प्रायोगिक पुराव्याचे श्रेय प्रामुख्याने जूल यांच्याकडे जाते.

सन्मान

जूल इ.स. १८५०मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. सोसायटीने त्यांना इ.स. १८५२मध्ये रॉयल पदक आणि इ.स. १८७०मध्ये कोप्ली पदक दिले. मँचेस्टरच्या नगरभवनात त्यांचा पुतळा त्यांचे गुरू डाल्टन यांच्या पुतळ्यासमोर आहे. सेल येथील त्यांच्या समाधिशिलेवर ७७२.५५ ही संख्या कोरलेली आहे.