गुरूला सोडवणारा शिष्य : कार्ल शुर्त्स
(द्वितीय वर्ष, कला)

गुरुदक्षिणेच्या कथा आपल्याला नव्या नाहीत. कौत्साने रघुराजाकडून चौदा कोटी सुवर्णमुद्रा आणून गुरूपुढे ठेवल्या. एकलव्याने तर उजव्या हाताचा अंगठाच कापून दिला. परंतु एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जन्मठेप भोगणाऱ्या आपल्या प्राध्यापकाला तुरुंगातून पळवून नेले, ही हकिकत मी प्रथम वाचली ती कार्ल शुर्त्सच्या चरित्रात. हा जर्मन विद्यार्थी पुढे अमेरिकेत गेला. तेथे सेनापती झाला, सिनेटर झाला, मंत्रीही झाला. पण त्याच्या पदांची यादी देण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. त्याचे आयुष्य वाचून एक प्रश्न माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे. जो स्वतः बंधनातून सुटतो, तो मागे राहिलेल्यांची आठवण किती काळ ठेवतो?

कार्लचा जन्म २ मार्च १८२९ रोजी कलोन शहराजवळच्या लिब्लार या खेड्यात झाला. वडील गावचे शाळामास्तर. पगार तुटपुंजा, म्हणून पुढे त्यांनी लोखंडी सामानाचे दुकान काढले. मुलाने खूप शिकावे ही त्यांची इच्छा. कार्लला त्यांनी कलोनच्या शाळेत घातले. पण शेवटच्या वर्षी घरावर संकट कोसळले. व्यवहार फसला, देणेकऱ्यांनी तगादा लावला आणि कर्जापायी वडिलांना तुरुंगात जावे लागले. सतरा वर्षांच्या मुलाला बापाची भेट तुरुंगात घ्यावी लागली! कर्ज म्हणजे काय हे ज्यांनी घरात पाहिले आहे, त्यांना या प्रसंगाबद्दल अधिक सांगायला नको. कार्लची शाळा सुटली. पण शिक्षण त्याने सोडले नाही. घरी अभ्यास करून, आपण ज्याला बहिःस्थ विद्यार्थी म्हणतो तसा, तो शालान्त परीक्षेला बसला, उत्तीर्ण झाला आणि १८४७ साली बॉन विद्यापीठात दाखल झाला.

तेथे त्याला गॉटफ्रीड किंकेल हे प्राध्यापक भेटले. ते साहित्य आणि कलेचा इतिहास शिकवीत, स्वतः कवी होते आणि वक्तेही. सभेत कसे बोलावे हे कार्ल त्यांच्याकडूनच शिकला. त्या काळी जर्मनी हे एक राष्ट्र नव्हते. लहानमोठी अनेक राज्ये होती आणि बहुतेक ठिकाणी राजाचा शब्द हाच कायदा. १८४८ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती झाल्याची बातमी आली आणि बॉनचे विद्यार्थी वर्ग सोडून चौकात जमले. जनतेने निवडलेली संसद, लेखनस्वातंत्र्य, एकसंध जर्मनी या त्यांच्या मागण्या होत्या. गुरू आणि शिष्य दोघेही चळवळीत पडले. किंकेल वृत्तपत्र चालवीत आणि कार्ल त्यांना मदत करी. वर्षभरात राजसत्तांनी पुन्हा डोके वर काढले. १८४९ च्या मे महिन्यात उठाव झाला, तेव्हा दोघेही बंदूक घेऊन निघाले.

उठाव फसला. जुलैमध्ये राष्टाटच्या किल्ल्यात अडकलेल्या क्रांतिकारकांना प्रशियाच्या सैन्यापुढे शरण जावे लागले. कार्ल मूळचा प्रशियाचा प्रजाजन, म्हणजे पकडला गेला तर गोळी ठरलेली. किल्ल्यातून बाहेर जाणारे एक भुयारी गटार त्याला ठाऊक होते. दोन सोबत्यांसह तो त्यात उतरला. पहिल्या वेळी बाहेरच्या तोंडाशी पहारा दिसला आणि परतावे लागले. मग अन्नावाचून लपून राहून त्यांनी दुसऱ्यांदा तीच वाट धरली, आणि या वेळी ते ऱ्हाईन नदी ओलांडून फ्रान्सच्या हद्दीत पोचले.

किंकेलांचे नशीब असे नव्हते. ते जखमी होऊन पकडले गेले. जन्मठेप झाली आणि बर्लिनजवळच्या श्पांडाउच्या तुरुंगात या कवीला सामान्य गुन्हेगाराप्रमाणे लोकर गुंडाळण्याच्या कामाला बसवले. त्यांच्या पत्नी योहाना यांनी मदतीसाठी दार ठोठावले ते शिष्याचेच. कार्ल तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये सुखरूप होता. तो खोट्या नावाच्या पासपोर्टवर परत जर्मनीत शिरला. ब्रुने नावाच्या एका पहारेकऱ्याला त्याने वश केले. पहिल्या रात्री कोठडीच्या किल्ल्या जागेवर सापडल्या नाहीत आणि बेत फसला. दुसऱ्या रात्री, ६ नोव्हेंबर १८५० रोजी, ब्रुनेने किंकेलांना छपराखालच्या माळ्यावर नेले आणि खिडकीतून दोराने खाली सोडले. खाली कार्ल उभा होता. घोडागाडीने दोघे रोस्टॉक बंदरात पोचले आणि एका व्यापाऱ्याच्या जहाजातून स्कॉटलंडला गेले. कार्लचे नाव युरोपभर झाले. पहारेकरी ब्रुने मात्र मागे राहिला. त्याला तुरुंगवास भोगावा लागला.

किंकेल लंडनमध्ये स्थिरावले. कार्लला मात्र परत जाण्यास मायभूमी उरली नव्हती. पॅरिसमधून त्याला घालवून दिले गेले. १८५२ च्या जुलैमध्ये लंडनला हॅम्बुर्गच्या मार्गारेटे मायर हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि सप्टेंबरमध्ये हे जोडपे न्यू यॉर्कच्या बंदरात उतरले.

ते एकटे नव्हते. त्या दशकात जर्मनांची रीघच अमेरिकेकडे लागली होती. १८५४ या एका वर्षात दोन लाखांहून अधिक जर्मन तेथे उतरले. बहुतेक जण जमिनीसाठी आणि पोटासाठी आले होते. बटाट्याचे पीक बुडाले होते, वाटण्या होऊन शेतीचे तुकडे झाले होते, कारागिरांचे धंदे यंत्रांनी बसवले होते. क्रांतीत हरून आलेले सुशिक्षित त्या मानाने थोडे. त्यांना तेथे ‘अठ्ठेचाळीसवाले’ असे नाव पडले. वृत्तपत्रे, व्यायामशाळा, गायनमंडळे या मंडळींनी गावोगाव उभी केली.

तेवीस वर्षांच्या कार्लला इंग्रजी येत नव्हते. ते त्याने कसे आत्मसात केले हे आपण विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावे. व्याकरणाचे पुस्तक बाजूला ठेवून तो रोज फिलाडेल्फियाचे वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचू लागला. अडलेला प्रत्येक शब्द कोशात पाही. मग कादंबऱ्या, मग कायद्याचे ग्रंथ. पुढे त्याने इंग्रजीतील नावाजलेल्या गद्याचे उतारे जर्मनमध्ये उतरवून ठेवले. काही दिवसांनी ते परत इंग्रजीत आणले आणि मुळाशी ताडून पाहिले. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेले मीच पहिले माणूस. वडील सालदार, आईला सही येते तीही साक्षरता वर्गामुळे. इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणारी माझ्यासारखी मुले आपल्या कॉलेजात कमी नाहीत. त्यांना हा उतारा फिरवण्याचा उपाय करून पाहायला एक वही आणि एक कोश पुरेसा आहे.

शुर्त्स कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातील वॉटरटाउन येथे राहायला गेले. तेथे १८५६ मध्ये मार्गारेटेने आपली मुलगी आणि नात्यातली काही मुले जमवून खेळ, गाणी आणि हस्तकलेतून शिकवण्याचा वर्ग सुरू केला. ही फ्रोबेलची पद्धत ती हॅम्बुर्गमध्ये शिकली होती. अमेरिकेतील पहिले किंडरगार्टन म्हणून हा वर्ग ओळखला जातो. तिच्याकडून ही कल्पना समजून घेतलेल्या एलिझाबेथ पीबॉडी यांनी १८६० मध्ये बोस्टनला इंग्रजी भाषेतील असा वर्ग काढला. आपण ‘के. जी.’ म्हणतो तो हाच जर्मन शब्द. नवऱ्याच्या भाषणांचा गाजावाजा फार झाला. पण बायकोचे हे काम अधिक टिकले असे मला वाटते.

गुलामगिरीविरुद्ध नुकताच निघालेला रिपब्लिकन पक्ष शुर्त्सला आपला वाटला. ज्याने स्वातंत्र्यासाठी देश गमावला त्याला माणसांची खरेदी-विक्री कशी पाहवेल? १८५८ मध्ये इलिनॉयमध्ये त्याने लिंकनसाठी भाषणे केली. १८५९ मध्ये नव्या नागरिकांचा मतदानाचा हक्क दोन वर्षे लांबवणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याविरुद्ध तो बोस्टनला जाऊन बोलला. १८६० च्या निवडणुकीत त्याने जर्मन मतदारांमध्ये लिंकनसाठी रान उठवले. लिंकनने त्याला स्पेनमध्ये राजदूत नेमले. पण यादवी युद्ध पेटले असता तेथे बसवेना, म्हणून १८६२ मध्ये परत येऊन तो सैन्यात दाखल झाला. १८६३ मध्ये चान्सलर्सव्हिलच्या लढाईत शत्रूने उजव्या बगलेवर अचानक हल्ला केला. त्या बगलेचा धोका शुर्त्सने वरिष्ठांना आधीच सांगितला होता. तरी पराभवाचे खापर फुटले ते जर्मन शिपायांच्या माथी. परका माणूस चुकला नाही तरी दोषी ठरतो, हा अनुभव त्याला तेथे आला.

युद्ध संपले, गुलामगिरी गेली. १८६५ च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दक्षिणेची पाहणी करायला शुर्त्सला पाठवले. तीन महिने तो पाच राज्यांतून हिंडला. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना मारहाण होत होती, ठार केले जात होते, कामाच्या सक्तीचे नवे कायदे करून जुनी गुलामी दुसऱ्या नावाने आणली जात होती. हे सारे त्याने अहवालात मांडले आणि कृष्णवर्णीयांना मताधिकार दिल्याशिवाय त्यांचे स्वातंत्र्य टिकणार नाही असे बजावले. जॉन्सन यांना हे नको होते. त्यांनी अहवाल बाजूला टाकला. सिनेटने मागणी केली तेव्हा कोठे तो बाहेर आला. श्पांडाउच्या भिंतीखाली उभा राहिलेला तरुण या पानांतून पुन्हा दिसतो.

आणि येथेच वळण येते. १८६९ मध्ये शुर्त्स मिसूरी राज्याचा सिनेटर झाला. जर्मनीत जन्मून त्या सभागृहात बसलेला तो पहिलाच. आता त्याला सरकारी भ्रष्टाचार आणि वशिलेबाजी हे मोठे शत्रू दिसू लागले. दक्षिणेतील गोऱ्यांशी समेट करावा, केंद्राने हात आखडता घ्यावा असे तो म्हणू लागला. कू क्लक्स क्लानच्या अत्याचारांना आवर घालणाऱ्या १८७१ च्या कायद्याला त्याने विरोध केला. ज्या माणसांची दैना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, त्यांचे रक्षण करण्याची वेळ आली तेव्हा तो तत्त्वाच्या गोष्टी सांगत बसला. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचा मताधिकार पुढे हळूहळू हिरावला गेला, आणि त्याला खरे संरक्षण देणारा कायदा व्हायला १९६५ साल उजाडले.

१८७७ ते १८८१ तो अंतर्गत खात्याचा मंत्री होता. नोकऱ्या वशिल्याने न देता परीक्षेने द्याव्यात ही पद्धत त्याने आपल्या खात्यात सुरू केली, जंगलतोडीला आळा घालण्याची धडपड केली. हे श्रेय त्याचेच. परंतु तेथील मूळ रहिवाशांच्या जमाती याच खात्याखाली येत. नायोब्रारा नदीकाठच्या पोंका जमातीला हलवण्याचा निर्णय आधीचा होता, पण १८७७ मध्ये ती प्रत्यक्ष हलवली गेली शुर्त्सच्या कारकिर्दीत. परक्या मुलखात रोगराईने अनेक जण दगावले. त्यांचा नायक स्टँडिंग बेअर याचा मुलगाही गेला. मुलाला पूर्वजांच्या मातीत पुरावे म्हणून त्याचे प्रेत घेऊन तो १८७९ च्या जानेवारीत थंडीवाऱ्यात उत्तरेकडे निघाला आणि पकडला गेला. ओमाहाच्या न्यायाधीशाला निकाल द्यावा लागला की कायद्याच्या दृष्टीने इंडियन हाही माणूस आहे. लेखिका हेलन हंट जॅक्सन यांनी शुर्त्सला वृत्तपत्रांतून उघड जाब विचारला. पोंकांवर अन्याय झाला हे त्याने मान्य केले. पण सगळ्यांना परत आणायला तो तयार झाला नाही. स्वतः मायभूमीला मुकलेल्या माणसाला हे दुःख कळायला नको होते का?

तो दुष्ट नव्हता, लाचखाऊ तर नव्हताच. म्हणून तर हा प्रश्न बोचतो. म्हातारपणी त्याच्यातला जुना विद्यार्थी पुन्हा जागा झाला. १८९८ नंतर अमेरिकेने फिलिपाईन्स बेटे घशात घातली, तेव्हा सत्तरीतला शुर्त्स त्याविरुद्ध लिहीत आणि बोलत राहिला. १४ मे १९०६ रोजी न्यू यॉर्कमध्ये तो वारला. तेथील नदीकाठच्या एका बागेला त्याचे नाव आहे.

त्याच्या आत्मचरित्राची एक गोष्ट मला फार आवडली. तारुण्याचा भाग त्याने जर्मनमध्ये लिहिला आणि अमेरिकेतला भाग इंग्रजीत. जे ज्या भाषेत जगले ते त्या भाषेत लिहावे, इतका साधा विचार. गावाकडच्या भाषेची लाज वाटणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो ध्यानात ठेवावा.

माझ्याबरोबर पहिलीत बसलेली निम्मी मुले सातवीपर्यंत गळाली. काही ऊसतोडीला जातात, काही वीटभट्टीवर आहेत. मुलींची लग्ने झाली. त्यांच्याहून मी फार हुशार होते असे नाही. माझ्या बाबतीत घर अडून बसले नाही, एवढेच. उद्या मला नोकरी लागेल, शहरात खोली मिळेल. तेव्हा मी १८५० चा शुर्त्स असेन की १८७१ चा? गुरूसाठी जीव धोक्यात घालणे अवघड खरे. पण आपल्या ओळखीचे नसलेल्यांसाठी, आपले बस्तान बसल्यानंतरही, उभे राहणे त्याहून अवघड असावे. शुर्त्ससारख्या धैर्यवान माणसालाही ते नेहमी जमले नाही. आपण आतापासूनच त्याची सवय लावून घ्यायला हवी.